नोंदी आणायला गेलेल्यांची नोंद

अणुचाचण्यांची वर्णनं बहुधा ढगापाशी संपतात. उलटी मोजणी, डोळे दिपवणारा उजेड, वर चढत जाणारा तो छत्रीसारखा ढग, आणि पुढचा परिच्छेद थेट राजकारणाचा: कुठल्या देशाने काय मिळवलं, कोण घाबरलं, कोणी निषेध केला. मला कुतूहल आहे ते या दोन परिच्छेदांच्या मधल्या वेळाचं. स्फोट होऊन गेलाय, ढग वाऱ्यावर सरकतोय आणि बेटावर मोजमापाची उपकरणं पडून आहेत. ती कोणीतरी आणायची आहेत. हा 'कोणीतरी' कोण असतो? त्याला काय सांगून पाठवलेलं असतं? आणि पुढे त्याला काही झालंच, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची?

मी बीड जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. बारावीला अणुकेंद्रकाच्या प्रकरणात किरणोत्सार येतो, हाफ लाइफ येतं, पाच-सहा गणितं सुटतात आणि प्रकरण संपतं. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमाराला परततात. त्यामुळे असेल कदाचित, पण या मुलांना बॉम्ब किती किलोटनाचा होता यापेक्षा 'मग तिथं कामाला कोण गेलं?' हा प्रश्न आधी सुचतो. पाठ्यपुस्तकात त्याचं उत्तर नाही. ते शोधताना जे वाचलं आणि त्यावरून जे वाटलं, ते इथे मांडतो आहे.

घाई कशाची होती?

चाचणीत स्फोट घडवणं हे अर्धंच काम असतं. तो मोजता आला नाही तर चाचणी वाया गेली. आज मोजमाप क्षणात दूरवर पाठवता येतं. १९४०-५०च्या दशकांत बऱ्याच उपकरणांना ही सोय नव्हती. ती जागेवरच नोंद करून ठेवत आणि ती नोंद माणसाने जाऊन उचलून आणावी लागे.

ब्रिटनने आपली पहिली चाचणी ३ ऑक्टोबर १९५२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या मॉन्टे बेलो बेटांत केली. 'एचएमएस प्लिम' नावाच्या फ्रिगेटच्या पोटात बॉम्ब ठेवून तो उडवला. मोहिमेचे शास्त्रीय प्रमुख होते विल्यम पेनी हे गणितज्ञ. त्यांनी महागड्या उपकरणांच्या जोडीला पेट्रोलचे रिकामे डबे आणि टूथपेस्टच्या नळ्या मांडून ठेवल्या होत्या. डबा किती चेपला यावरून हवेच्या धक्क्याचा दाब काढायचा. साधी, स्वस्त आणि भरवशाची युक्ती. पण डबा स्वतःहून काही सांगत नाही. कोणीतरी तिथे जाऊन तो बघावा लागतो.

कॅमेऱ्यांचं दुखणं वेगळं. किरणोत्साराने फिल्म काळवंडते. जितका वेळ ती तिथे पडून राहील तितकं तिच्यावरचं चित्र पुसट होत जाणार. म्हणून फिल्म लवकर आणायला हवी. आणि नेमकं 'लवकर' हेच माणसाला सगळ्यात घातक. स्फोटानंतरच्या किरणोत्साराचा एक ढोबळ नियम आहे: वेळ सातपट झाला की मारा दहापट कमी होतो. पहिल्या तासाला तो १००० मानला, तर सात तासांनी १००, दोन दिवसांनी १०, दोन आठवड्यांनी १. म्हणजे दोन दिवस थांबलं तर धोका शंभरपट कमी होतो, पण तेवढ्यात फिल्म हातची जाते.

हे गणित मी फळ्यावर मांडतो तेव्हा मुलं एका मिनिटात सोडवतात. पण त्यात भौतिकशास्त्राच्या पलीकडचा एक निर्णय लपलेला आहे: फिल्मची किंमत किती आणि ती आणणाऱ्याच्या शरीराची किंमत किती. मॉन्टे बेलोच्या आखणीत हा निर्णय उघडपणे घेतलेला दिसतो. तिथे किरणोत्साराच्या मात्रेच्या पायऱ्या ठरवल्या होत्या. रोजच्या कामासाठी एक, त्याच्या वरची दुसरी, आणि एरवी हातच्या जातील अशा महत्त्वाच्या नोंदी आणण्यासारख्या प्रसंगांसाठी सगळ्यात वरची. बेटावर जाणाऱ्या तुकड्यांना संरक्षक पोशाख होते, अंगावर फिल्म बॅज होते, परतल्यावर धुऊन-तपासून घेण्याची व्यवस्था होती. निर्णय बरोबर होता की चूक, यावर वाद घालता येईल. पण तो कागदावर होता, आणि जाणाऱ्या माणसाच्या अंगावर त्याचं स्वतःचं असं एक मोजमाप होतं. हे पुढे सगळीकडे टिकलं नाही.

माशाने काढलेला फोटो

'त्या काळी कोणाला कळत होतं?' हा अशा चर्चेतला ठरलेला बचाव. म्हणून आधी १९४६ सालच्या बिकिनीकडे पाहावं लागतं.

मार्शल बेटांमधल्या बिकिनीच्या १६७ रहिवाशांना मार्चमध्ये तिथून हलवलं गेलं. जुलैमध्ये अमेरिकेने तिथे दोन स्फोट केले. दुसरा, २५ जुलैचा, पाण्याखालचा होता. लक्ष्य म्हणून नांगरून ठेवलेल्या जहाजांवर किरणोत्सारी पाण्याचा प्रचंड फवारा कोसळला. त्या जहाजांवर उपकरणं होती, प्रयोगाचे प्राणी होते. नौदलाने खलाशांना जहाजं धुवायला पाठवलं. पाणी, साबण, क्षार, ब्रश. जे डेक घासायला वापरतात तेच सगळं. जहाजं स्वच्छ दिसायला लागली. मोजमाप मात्र फारसं उतरेना.

किरणोत्सार-सुरक्षेचे प्रमुख कर्नल स्टॅफर्ड वॉरन हे काम थांबवा म्हणत होते. जे डोळ्यांना दिसत नाही त्यासाठी जहाजं सोडून द्यायची, हे अधिकाऱ्यांना पटेना. शेवटी वॉरन यांनी एक मासा आणला. तिथल्याच पाण्यात पकडलेला. तो फोटोच्या प्लेटवर ठेवला होता, आणि त्याच्या शरीरातल्या किरणोत्साराने त्याचं स्वतःचंच चित्र प्लेटवर उमटलं होतं. कॅमेरा नाही, उजेड नाही. माशाने आपला फोटो आपणच काढला. ऑगस्टच्या दहा तारखेला धुण्याचं काम थांबवण्यात आलं.

तेव्हा १९४६च्या ऑगस्टनंतर तरी 'माहीत नव्हतं' असं म्हणता येत नाही. मुंबईतसुद्धा माहीत होतं. १ मार्च १९५४ला बिकिनीवर १५ मेगाटनांचा 'ब्राव्हो' स्फोट झाला, अपेक्षेच्या दुपटीहून मोठा. त्यानंतर महिनाभरात नेहरूंनी चाचण्या थांबवण्याचं आवाहन केलं. पुढे भारत सरकारने अण्वस्त्रस्फोटांच्या परिणामांवर दौलतसिंग कोठारी यांचं पुस्तक काढलं. त्यात होमी भाभांबरोबर सहकार्य होतं डॉ. वसंत रामजी खानोलकरांचं. मुंबईत कर्करोगावर संशोधन करणारे हे मराठी पॅथॉलॉजिस्ट किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीवर भारताचे प्रतिनिधी होते. आपल्याकडे तोवर एकही अणुभट्टी धडपणे सुरू झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

माल्डनवर उतरलेले

१९५७ साली ब्रिटनने हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या प्रशांत महासागरात नेल्या. तळ होता ख्रिसमस बेटावर, पहिले स्फोट माल्डन बेटापाशी. तिथे गेलेल्या ब्रिटिश सैनिकांतले अनेकजण विशीच्या आतबाहेरची, सक्तीच्या लष्करी सेवेतली मुलं होती. न्यूझीलंडची 'पुकाकी' आणि 'रोटोइटी' ही जहाजं हवामानाच्या नोंदींसाठी होती. आणि फिजीचे सुमारे तीनशे जण होते. फिजी तेव्हा वसाहत होती. स्फोटाकडे पाठ करून बसा, डोळ्यांवर हात धरा, हे त्यांना सांगितलेलं होतं. मिटलेल्या डोळ्यांनाही हाताची हाडं दिसली, असं त्यांच्यातल्या अनेकांनी पुढे सांगितलं.

नंतर बेटावर जाणारे गेले. फिजीचे लष्करी अधिकारी रातू पेनाया गानिलाऊ हे माल्डनवर उतरलेल्यांपैकी एक. ते पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९९३ साली ल्युकेमियाने वारले. तो आजार त्या बेटावरून आला का? सांगता येत नाही. एका माणसाच्या कर्करोगावर कारणाचा शिक्का नसतो. माझा सगळा मुद्दा या 'सांगता येत नाही'भोवती आहे.

ब्रिटनच्या चाचण्यांत वीस हजारांवर माणसं सहभागी झाली. त्यातल्या बहुसंख्यांच्या नावावर किरणोत्साराच्या मात्रेची एकही नोंद नाही. सरकारी म्हणणं असं, की ते धोक्याच्या जागेपासून दूर होते, त्यांना बॅज देण्याची गरज नव्हती. असेलही. पण गरज नव्हती हे ठरवलं पाठवणाऱ्याने, आणि त्या ठरवण्याचा पुरावा नसण्याचा तोटा सोसला गेलेल्याने. पुढे काही दशकांनी तोच माणूस दाराशी आला, तेव्हा त्याला विचारलं गेलं: तुझी मात्रा किती होती, दाखव.

हजाराहून अधिक माजी सैनिकांचा दावा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०१२ मध्ये चार विरुद्ध तीन अशा मतांनी तो मुदतबाह्य ठरला. कार्यकारणसंबंध सिद्ध करणंही फार अवघड आहे, असं न्यायाधीशांनी नोंदवलं. मुदतीचा कायदा वाईट नाही, जुनी भांडणं कधीतरी मिटावीत म्हणून तो असतो. पण जो आजार वीस-तीस वर्षं शरीरात दडून राहतो आणि ज्याचं मोजमाप मुळात घेतलंच गेलं नाही, त्याच्यासमोर घड्याळ लावणं म्हणजे न दिलेल्या पावतीची मागणी करणं झालं.

याला एक विलक्षण जोड आहे. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातल्या आल रोलंड आणि सहकाऱ्यांनी त्या दोन जहाजांवरच्या सुमारे पन्नास वृद्ध नौसैनिकांचं रक्त तपासलं. गुणसूत्रांचे तुकडे तुटून भलतीकडे जोडले जाण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांच्या जवळपास तिप्पट निघालं. अहवाल आला २००७ साली, म्हणजे स्फोटानंतर पन्नास वर्षांनी. पेनींच्या डब्यासारखंच हे. शरीराने जागेवर नोंद करून ठेवलेली होती. फिल्म आणायला काही तासांत माणूस गेला. ही नोंद वाचायला कोणी यावं म्हणून पन्नास वर्षं लागली.

नोंद आहे, पण कोणाच्या हातात?

मग सगळ्यांच्या नोंदी ठेवल्या असत्या तर प्रश्न मिटला असता का? रोंगेलॅपचं उदाहरण पाहता तसं वाटत नाही. 'ब्राव्हो'ची राख या बेटावर पडली. तिथल्या माणसांना हलवायला दोन दिवस लागले. त्यानंतर त्यांच्या रक्ताच्या, त्वचेच्या, थायरॉइडच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या गेल्या. १९५७ साली बेट सुरक्षित आहे असं सांगून त्यांना परत नेण्यात आलं, आणि तपासण्या सुरूच राहिल्या. आपल्याबद्दल काय लिहिलं जातंय हे आपल्याला समजावून सांगितलं जात नाही, ही त्यांची कायमची तक्रार होती. १९८५ साली ते ग्रीनपीसच्या 'रेनबो वॉरियर' जहाजातून स्वतःच बेट सोडून गेले. इथे मोजमाप भरपूर होतं. पण ते मोजणाऱ्याच्या कामाचं होतं, मोजल्या जाणाऱ्याच्या नव्हे.

एनेवेटाकवर ४३ चाचण्या झाल्या. १९७७ ते १९८० मध्ये सुमारे चार हजार अमेरिकी सैनिकांनी तिथली दूषित माती आणि मोडतोड गोळा करून रुनिट बेटावरच्या जुन्या स्फोटाच्या खड्ड्यात भरली, वर काँक्रीटचा घुमट घातला. या मुलांपैकी अनेक जन्मले तेव्हा तिथला शेवटचा स्फोट होऊनही गेला होता. चाचणीत सहभागी नसल्याने त्यांना 'अणुसैनिक' मानलं जात नव्हतं. २०२२ च्या कायद्याने त्यांचा समावेश झाला. घर झाडणाऱ्याला घरातला न मानण्याची रीत तिकडेही आहे तर.

कोयता

आता बीडबद्दल. ऊस म्हणजे बॉम्ब नव्हे, आणि ओढूनताणून साम्य दाखवायची मला हौस नाही. पण धोक्याच्या जागी पाठवलेल्या माणसाचं नाव वहीत कसं लिहिलं जातं, हे मी इथेच जवळून पाहतो.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. मुकादम कोयत्यामागे उचल देतो. ती हंगामाआधीच घेतलेली असते, बहुधा नवऱ्याच्या हातात पडते आणि घरात जुन्या देण्यात जिरून जाते. फडावर पहाटेपासून बाई तोडते, मोळ्या बांधते, गाडीपर्यंत वाहते. एक दिवस पडली तर खाडा, म्हणजे कोयत्याचा दंड. मुकादमाच्या वहीत पुष्कळदा तिचं वेगळं नावच नसतं. ती अर्धा कोयता असते.

२०१९ साली राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं, की तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्या सगळ्या ऊसतोड बायकांच्या नव्हत्या, आणि प्रत्येक अनावश्यक होती असंही नाही. पण त्याआधी कोणी मोजलंच नव्हतं. पाळीमुळे खाडे पडतात, डॉक्टर म्हणाले काढून टाका, आम्ही 'हो' म्हणालो, असं बायका सांगत होत्या. त्या 'हो'ला संमती म्हणायचं का? उचल आधीच खर्च झालेली, पुढे काय त्रास होईल हे कोणी सांगितलेलं नाही, आणि नाही म्हटलं तर दंड. सक्तीच्या सेवेतल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने बेटावर उतरताना दिलेलं 'येस सर' याहून फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. दोघांनीही नाही म्हटलं नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

याच बीडमध्ये दुसरंही चित्र आहे. रुग्णालयातल्या एक्स-रे तंत्रज्ञाच्या छातीवर एक लहान बिल्ला असतो. त्यात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पद्धतीने केलेल्या छोट्या चकत्या असतात. किरणोत्सार त्यांत साठत जातो आणि चकती तापवली की प्रकाशाच्या रूपाने मोजता येतो. दर तीन महिन्यांनी बिल्ला वाचायला जातो आणि त्या माणसाच्या नावावर आकडा चढतो. वीस वर्षांनी काही झालं, तर त्याला कोणापुढे हात जोडावे लागणार नाहीत. व्यवस्थेने मनात आणलं तर माणसागणिक नोंद ठेवता येते, हे जिल्ह्याच्या ठिकाणीच रोज सिद्ध होतं.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप: त्या नोंदी आणल्या नसत्या तर जगाला धोका कळला नसता. हे खरं आहे. बेटांवरून आलेल्या मोजमापांमुळेच किरणोत्सारी राखेचा पसारा समजला, आणि १९६३ साली वातावरणातल्या चाचण्या बंद करण्याच्या करारामागे ते ज्ञान होतं. फिल्म आणणाऱ्यांचं काम निरर्थक नव्हतं. पण काम मोलाचं होतं म्हणून ते करणाऱ्याचं देणं वाढतं. ते माफ होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: कदाचित त्यांना काहीच झालं नसेल. ब्रिटिश सैनिकांच्या मोठ्या पाहणीत एकूण मृत्युदर तुलनेच्या गटाइतकाच निघाला, फक्त ल्युकेमियाबद्दल शंका राहिली. २०२२ साली त्यांच्या मुलांच्या जनुकांच्या अभ्यासातही वाढीव दोष दिसले नाहीत. ही चांगली बातमी आहे आणि ती दडवू नये. पण ज्याला रात्री झोप लागत नाही, त्याला सरासरीचा आकडा पुरत नाही. 'माझी मात्रा किती होती?' या त्याच्या प्रश्नाचं उत्तर देता येण्याची एकच वेळ होती. ती पाठवणाऱ्याने घालवली.

म्हणून मला तत्त्व असं दिसतं. जो माणसाला न दिसणाऱ्या धोक्यात पाठवतो, तो त्याला सुरक्षिततेइतकीच नोंदही देणं लागतो. ती नोंद त्या माणसाच्या नावाची, त्याच्या भाषेत आणि त्याच्या हातात हवी. आणि ती नसेल, तर शंकेचा फायदा पाठवलेल्याला मिळावा. हे स्वप्नरंजन नाही. १९७३ साली सेंट लुइसच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत अमेरिकी सैनिकांची लाखो कागदपत्रं जळाली होती. १९८८ साली तिथे कायदा झाला, की माणूस चाचणीच्या जागी होता आणि त्याला ठरावीक यादीतला कर्करोग झाला, एवढं पुरे. मात्रा सिद्ध करण्याची गरज नाही. फिजीने २०१५ साली ब्रिटनची वाट न पाहता आपल्या उरलेल्या चोवीस जणांना स्वतःच्या तिजोरीतून पैसे दिले. ब्रिटनने २०२२ साली पदक जाहीर केलं.

पदक हीसुद्धा एक नोंदच, उशिरा केलेली. ती घ्यायला किती जण उरले होते, हा वेगळा हिशेब. आपल्याकडे अजून हंगाम संपलेला नाही. मुकादमाच्या वहीत कोयत्याच्या जागी दोन माणसांची दोन नावं लिहायला, आणि दवाखान्यातून निघणाऱ्या बाईच्या हातात तिला वाचता येईल असा कागद द्यायला, पन्नास वर्षं लागायचं काही कारण नाही.